आपली तर नऊच

इंदिरानगर, नाशिक
९ जून २००७

तीर्थरूप बयाआत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवून मीनाचा दंडवत.

तुमचं पत्र (म्हणजे तुम्ही सांगितलेलं आणि मोहिनीने लिहिलेलं) परवा पोचलं. तुमचा डावा गुडघा, उजवा डोळा आणि गाभण गाय या तिघांची खुशाली कळली. मोहिनीने तुमचे बोल जसेच्या तसे उतरवले असणार, कारण 'नोकरी सुटली तरी मेली कुठं उलथलीय' हे वाक्य त्या गरीब पोरीला स्वतःच्या मनाने सुचणारं नाही. आमच्याकडे सगळं ठीक. योगेशला नव्या फ्लॅटचं कौतुक, ह्यांना नव्या फ्लॅटच्या लिफ्टची धास्ती, आणि मला सकाळी उठून कुठेच जायचं नसतं याची अजून सवय होत नाही. (मोहिनी, तुमच्या घरातल्या नव्या सुनेला आत्याबाई कशा वागवतात ते मला ठाऊक आहे. सावकाश वाच, घसा सुकला तर थांब, आणि कंसातलं वाचायचं की नाही ते त्यांचा चेहरा बघून ठरव.)

तुम्ही रागावलाय, की निरोप समारंभाला मी तुम्हाला नाशिकला का आणलं नाही. आत्याबाई, आणलं असतं तर तुम्ही भर सभेत हसला असता आणि मलाही हसवलं असतं. आपल्या शाळेच्या मास्तरांनी माझी जन्मतारीख एक जून लिहिली हे तुम्हाला माहीतच आहे. मला वाटायचं, मास्तरांची ही मेहेरबानी माझ्या एकटीवर. नोकरीत आल्यावर कळलं, की गावोगावच्या मास्तरांनी पोरांना शाळेत बसवायला हीच एक तारीख धरली होती. त्यामुळे आमच्या कार्यालयात एकतीस मेला एकदम सात जण रिटायर झाले. तीन नर्सबाया, दोन शिपाई, एक ड्रायव्हर आणि एक कारकून, एका ओळीत सात खुर्च्या, जणू सामुदायिक विवाह. भाषण एकच, नावं चिठ्ठीवरून. शाली वाटताना घोटाळा होऊन माझी शाल ड्रायव्हरला गेली आणि ड्रायव्हरची टोपी माझ्या डोक्यावर आली. (फोटो आहे, पण दाखवणार नाही.)

मग साहेब बोलायला उठले. माणूस चांगला, वयाने आमच्या योगेशएवढा. ते म्हणाले, मीनाताईंनी छत्तीस वर्षांत अकरा हजार बाळंतपणं केली. टाळ्या पडल्या. मला राहवलं नाही. मी टोपी काढून उभी राहिले आणि म्हणाले, "अकराशे सेहेचाळीस, सर." साहेब म्हणाले, "ताई, आजच्या दिवशी तरी जाऊ द्या हो." मी बसले. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारा खो खो हसत सुटला. वळून पाहिलं, तर भिमाजी! न बोलावता नाशिक रोडहून रिक्षा करून आलेले. समारंभाचं पुढे काय झालं ते मला धड आठवत नाही, कारण त्या हसण्यासरशी माझं मन बारा वर्षं मागे, पश्चिमेच्या डोंगरातल्या त्या दोन खोल्यांच्या उपकेंद्रात जाऊन बसलं, ते अजून परतलेलं नाही. तीच हकीकत सांगते. तुम्हाला ती कधी सांगितली नाही, कारण त्यात माझी थोडी लाज आहे.

त्या तालुक्याचं नाव घेत नाही. (पेन्शन अजून सुरू व्हायची आहे.) मी तिथे नर्स होते आणि भिमाजी तालुक्याचे आकडे बघायचे. कुठल्या गावात किती जन्म, किती मृत्यू, किती लशी, हे सगळं महिन्याच्या महिन्याला गोळा करून ते वर पाठवायचे. अंगात बुशकोट, हातात कायम छत्री, ऊन असो की नसो. वरून एकदा मला एकाच पाकिटातून दोन कागद आले. एकात विचारलं होतं, तुमच्याकडे जन्म इतके जास्त कसे, कुटुंब नियोजनाचं काम करत नाही काय? दुसऱ्यात विचारलं होतं, अंदाजापेक्षा जन्म इतके कमी कसे, नोंदी करत नाही काय? मी रडकुंडीला आले. भिमाजींनी दोन्ही कागद वाचले, छत्री भिंतीला टेकवली आणि दोन्हींना एकच उत्तर लिहून दिलं, 'आपले म्हणणे योग्य आहे, यापुढे दक्षता घेऊ.' दोन्हीकडे समाधान झालं. असा हुशार माणूस.

आणि तिसरी झुंबरबाई, आमची दाई. उंचीने मुसळाएवढी, आवाजाने ढोलाएवढी. पाड्यापाड्यावरची बाळंतपणं तीच करायची. अडलेली बाई असली की मला निरोप, नाहीतर महिन्याच्या शेवटी उपकेंद्राच्या ओट्यावर बसून ती सगळी यादी तोंडी सांगायची आणि मी लिहायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, तारखा तर मुळीच नाहीत. "नागलीची लावणी सरली, त्याच्या तिसऱ्या दिशी, कोंबडं आरवायच्या टायमाला," असं ती सांगायची. कोणी वाघबारशीला, कोणी बोहाड्याची सोंगं नाचत होती त्या दिवशी, कोणी बुधाचा बैल मेला त्याच्या आदल्या दिवशी. मी कॅलेंडर पुढे घेऊन, बुधाला बैल कधी मेला ते विचारून, रजिस्टरात '१४ जुलै, पहाटे ४.१०' असं ठोकून द्यायची. ती दहा मिनिटं माझी, बाकी सगळं तिचं. लिहून झालं की तिची एक अट असायची, पहिल्यापासून वाचून दाखवायचं. एखादं नाव मागेपुढे झालं की मान हलवायची.

पंच्याण्णव सालच्या मार्चअखेर भिमाजी वर्षाचा आकडा न्यायला आले. आमच्याकडे वर्षभरात एकशे बारा जन्म आणि वर्षाच्या आत गेलेली बाळं नऊ. त्यांनी कागदावर भागाकार केला आणि त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "बाई, हे दर हजारी ऐंशी होतात." झुंबरबाई ओट्यावर तंबाखू मळत होती. ती दचकून उठली. "ऐंशी? कोणाची गं बाई ऐंशी? आपली तर नऊच!" भिमाजींनी तिला समजावलं, की समजा हजार पोरं जन्मली असती तर. ती म्हणाली, "इथं शंभराला सुईण पुरत नाय, हजार कुठून आणलीत?" (आत्याबाई, मला अजूनही वाटतं की तिचंच गणित बरोबर होतं.)

भिमाजींनी मला आत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, की तालुक्यातल्या बाकीच्या उपकेंद्रांचे आकडे शून्य, एक, फार तर दोन आहेत. नऊ एकट्या माझ्याकडचे. मेमो येणार, चौकशी लागणार, बदली होणार. माणूस वाईट नव्हता, कळवळ्याने बोलत होता. "बाई, बारसं व्हायच्या आधी गेलेलं बाळ इकडे कोणी लिहीत नाही. जन्मही नाही, मृत्यूही नाही. ज्याला नाव नाही त्याला रकाना कशाला? तुमच्या नवातली बारशाआधी गेलेली सहा. ती काढा. राहिले एकशे सहा जन्म, तीन मृत्यू. दर हजारी अठ्ठावीस. सोन्यासारखा आकडा."

तेव्हा योगेश बारावीला होता, नाशिक रोडला ह्यांच्याजवळ राहून शिकत होता. मी दर शनिवारी एसटीने घरी यायची. आणखी आत, गुजरातच्या हद्दीजवळ कुठे बदली झाली असती तर महिन्यातून एकदाही जमलं नसतं. ही सबब नाही, आत्याबाई, पण डोक्यात हेच होतं. भिमाजी दोन दिवसांनी परत येतो म्हणून गेले. मी नवीन कोरा तक्ता घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि सुंदर अक्षरात, आयांच्या नावांसकट, एकशे सहा जन्म आणि तीन मृत्यू लिहिले.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई आली आणि म्हणाली, वाच. मी म्हटलं, हे वर्षाचं आहे, लांबलचक आहे, राहू दे. ती म्हणाली, मला कुठं जायाचंय. मग मी वाचायला लागले. वाचताना मला वाटत होतं, एकशे बारा नावांत हिच्या काय लक्षात राहणार? ती डोळे मिटून ऐकत होती. वाचून संपलं. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "कुसाबाईचा कुठाय?"

कुसाबाई वरच्या पाड्यावरची. होळीच्या दिवशी तिला मुलगा झाला आणि चौथ्या दिवशी गेला. अजून दोन आठवडेही झाले नव्हते. मी काहीतरी पुटपुटले, की बारशाआधीचं लिहायचं नसतं, वरून तसं आहे. झुंबरबाईचा तो ढोलासारखा आवाज त्या दिवशी अगदी खाली आला.

"मंग ताई, तू जा वर आणि कुसाबाईला सांग, का तू बाळंत झालीच नाय. तिच्या उराला अजून दूध येतंय. ते कोणासाठी येतंय, ते बी तूच सांग."

ती उठून गेली. मी तो सुंदर तक्ता चुलीत घातला आणि दुसरा केला, वाकड्यातिकड्या रेघांचा. एकशे बारा आणि नऊ. भिमाजी आले, त्यांनी पाहिला, माझ्याकडे पाहिलं, तक्ता पिशवीत घातला आणि त्या दिवशी छत्री आमच्याकडेच विसरून गेले.

मेमो आला तो मे महिन्यात. नाशिकला बैठक, रजिस्टर घेऊन या, संबंधित दाईस सोबत आणा. झुंबरबाई जन्मात नाशिकला आली नव्हती. तिने नवं लुगडं नेसलं आणि दाईच्या ट्रेनिंगमध्ये मिळालेली ॲल्युमिनियमची पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसली. कंडक्टरने विचारलं, मावशी, बांगड्या विकायला काय? तिने त्याला विचारलं, तू कोणाच्या हातचा? त्याला कळेना. ती म्हणाली, "तुझी सुईण कोण व्हती, ते इचारते." कंडक्टरला माहीत नव्हतं. "ज्याला आपली सुईण ठावं नाय, त्यानं माझी पेटी इचारू नये," म्हणून तिने तोंड फिरवलं. कंडक्टर पुढे सगळा रस्ता आमच्याकडे फिरकला नाही.

नाशिकच्या द्वारका चौकात उतरून रस्ता ओलांडायचा होता. तिथली वाहनं तुम्हाला माहीत आहेत. मी तिचा हात धरून ओढायला लागले, तर ती मधोमध दुभाजकावर उभीच. ट्रक, रिक्षा, जीपगाड्या, दोन्हीकडून नुसता गोंगाट. मला म्हणाली, "ह्या समद्या गाड्या कोणाला आणाया चालल्यात गं?" मी म्हटलं, कोणाला नाही, आपापल्या कामाला. ती म्हणाली, "येवढ्या हायेत, आन् आपल्याला बाळंतीण खाली आणाया डोली करावी लागती." मागून हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्याला तिने पेटी उगारून दाखवली, तेव्हा कुठे आम्ही पलीकडे गेलो.

बैठकीला तालुक्यातल्या सगळ्या नर्सबाया. मोठे साहेब नुकतेच पुण्याहून आलेले, चष्मा, कमी बोलणारे. भिमाजी भिंतीजवळ फायली घेऊन उभे. झुंबरबाईला खुर्ची दिली, ती खाली सतरंजीवर बसली. साहेबांनी माझा तक्ता उचलला आणि विचारलं, "नऊ कसे?" मी सगळं पाठ करून गेले होते, पण रजिस्टरची पानंच उलटत राहिले. आणि खालून आवाज आला. झुंबरबाई सांगायला लागली. पहिलं, हिरामणच्या सुनेचं, आखाजीच्या सुमारास, मुलगी, दोन दिवस जगली, रडली नाही. दुसरं, नदीकाठच्या पाड्यावरचं, मुलगा, अकरा दिवस, दूध ओढेना. तिसरं तीन महिन्यांचं, गुबगुबीत, तापाने गेलं. अशी नऊच्या नऊ. कोणाच्या घरी, कुठल्या हंगामात, किती दिवस, शेवटी काय झालं. शेवटचा कुसाबाईचा.

साहेबांनी विचारलं, "आजी, हे तुम्ही लिहून ठेवता?"

"लिव्हाया येत नाय साहेब, म्हून तर इसरता येत नाय."

साहेबांनी चष्मा काढला. मग शेजारच्या बाईंना विचारलं, तुमच्याकडे किती? शून्य, सर. तुमच्याकडे? शून्य, सर. असं शून्य खोलीभर फिरत फिरत निम्म्या रांगेपर्यंत आलं आणि प्रत्येक बाईचा आवाज आधीच्या बाईपेक्षा बारीक होत गेला. इतक्यात भिंतीजवळून भिमाजी पुढे आले. हातातल्या फायली त्यांनी टेबलावर ठेवल्या. "सर, या बायकांना विचारू नका. बारशाआधीचं बाळ लिहायचं नाही, हे यांना मी शिकवलं. मला माझ्या आधीच्याने शिकवलं. जे विचारायचं ते मला विचारा." आत्याबाई, त्या वर्षी भिमाजींची बढती ठरलेली होती. सगळ्यांना माहीत होतं. ती त्या दिवशी त्या खोलीत राहिली.

पुढे काय झालं म्हणाल तर मोठी गंमत झाली. साहेबांनी तालुक्यात फेरमोजणी लावली. घरोघर जाऊन विचारायचं, बारसं झालेलं आणि न झालेलं, सगळं लिहायचं. तालुक्याचा आकडा दर हजारी एकवीसवरून एकदम चौऱ्याहत्तरवर गेला. पेपरात आलं, 'बालमृत्यूंत तिपटीहून अधिक वाढ'. साहेबांना मुंबईला बोलावून विचारलं गेलं, की तुम्ही आल्यापासून एवढी बाळं का दगावायला लागली? वर्षाच्या आत त्यांची बदली झाली. भिमाजींना औषधांच्या गोदामात टाकलं, तिथे ते गोळ्यांचे डबे मोजत रिटायर झाले. आणि मी? बाकीच्यांचे आकडे वर गेल्यामुळे माझं उपकेंद्र शेवटच्या नंबरवरून एकदम मधोमध आलं. मी एकही बाळ वाचवलं नव्हतं, तरी 'उल्लेखनीय सुधारणा' केल्याबद्दल मला अभिनंदनाचं पत्र मिळालं. (ते मी फ्रेम केलं नाही. ह्यांनी त्यावर दुधाचा हिशोब लिहिला.)

पण खरे आकडे गेले म्हणून खऱ्या वस्तू आल्या, हेही सांगते. लशींसाठी फ्रिज आला, बाळांना गुंडाळायला ब्लँकेटं आली, महिन्यातून दोनदा डॉक्टर यायला लागले, बाळांचं वजन करायचा झोळीचा काटा आला. (गावच्या दुकानदाराने तो सुकट मोजायला मागितला. झुंबरबाईने आधी त्यालाच झोळीत बसायला सांगितलं.) पुढच्या वर्षी आमची सात गेली, त्याच्या पुढच्या वर्षी चार. चारच्या खाली माझ्या हातून कधी आलं नाही. कुसाबाईला सत्त्याण्णवला मुलगी झाली. अडली होती, मी रात्रभर बसले. ती मुलगी आता दहा वर्षांची आहे आणि मला बघितलं की पळून जाते, कारण तिला वाटतं मी सुई टोचायलाच येते.

झुंबरबाई चार वर्षांपूर्वी गेली. मला निरोप उशिरा मिळाला, मी पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं. तिच्या सुनेने ती ॲल्युमिनियमची पेटी पुढे केली, म्हणाली, ताईला द्या म्हणायची. मी नाही घेतली. गावातच राहू दे म्हटलं. आता कधी कधी वाटतं, घ्यायला हवी होती. इथे इंदिरानगरात आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत. मागच्या महिन्यात समोरच्यांच्या घरी बाळ आलं ते मला पेढ्याच्या पुड्यावरून कळलं. छत्तीस वर्षं ज्या बाईला पंचक्रोशीतलं प्रत्येक पोट ठाऊक होतं तिला! रविवारी भिमाजींचा फोन येतो. आम्ही दोघं त्या डोंगरातलं एकेक नाव काढत बसतो. कोणाचं लग्न झालं, कोण द्राक्षाच्या बागेत कामाला आलंय. ह्यांना वाटतं, आम्ही नातेवाइकांबद्दल बोलतोय. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

बरंच लांबलं. गुडघ्याला तेल चोळत जा. गाय व्याली की कळवा. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची भाची,
मीना

ता. क. नागलीचे पापड थोडे पाठवाल का? इकडे मिळतात ते पापड नसतात, पुठ्ठे असतात. पत्र त्यासाठीच लिहिलं असं समजू नका. (आत्याबाई तसंच समजतील. समजू दे.)

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र पापडांसाठी नाही आणि समारंभाची हकीकत सांगायलाही नाही. आई शेवटच्या आजारपणात ग्लानीत मला हाक मारून सारखं म्हणायची, "पहिलीला दूध पाज गं." मी म्हणायची, आई, पहिली मीच. ती मान हलवायची, नाही म्हणून. नंतर दादांना, तुमच्या भावाला, विचारलं तर म्हणाले, तापातली बडबड ती, आणि उठून गोठ्यात गेले. नऊ वर्षं झाली, दादाही गेले. माझ्या आधी आईला कोणी झालं होतं का, हे सांगणारं आता तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही. तेव्हा तुम्ही त्याच घरात होता. मुलगी होती का? किती दिवस होती? अकराशे सेहेचाळीस बाळंतपणं मी केली, एकेक लिहिली, आत्याबाई, आणि माझ्या आईचं एक मला माहीत नाही.

ता. क. तिसरा, मोहिनीसाठी. याचं उत्तर पत्रातून पाठवू नकोस, त्यांना सांगताही येणार नाही आणि तुला लिहिताही येणार नाही. मी गुरुवारी दुपारच्या एसटीने येतेय. त्या काही बोलल्या नाहीत तरी चालेल. माझी तिथे दोन-चार दिवस राहायची तयारी आहे.